पाझर बुजवू नका

पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या हातातला कोयता हिसकून घेतला आन् बांधाच्या उतारावरनं खाली भिरकावला.

मी वेड्या बाभळीची रोपं कापत व्हते. सगळ्याच बाया कापत व्हत्या. मेस्त्रीनं सांगितलं व्हतं, वरचे साहेब येणार हायेत, बांध साफ दिसला पाहिजे. तर हा वाळका, काळा माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात काही न्हाई, तरातरा आला आन् एक शब्द न बोलता माझा कोयता फेकून पुढं निघाला. मला वाटलं कुणी येडा हाय. मी पुटपुटले, “मुडदा बसिवला तुजा.” मराठीतच पुटपुटले. हितं मद्रासच्या बाजूला कुणाला कळतंय.

तो थांबला. वळून म्हणाला, “मुडदा मागून बसव. अगोदर मूळ काढ.”

तो राव सार. वेंकोबा राव. आमच्या धरणाचा इंजिनियर साहेब. त्याचे वाडवडील कधीकाळी तंजावरला राजांबरोबर आले आन् तिकडचेच झाले. त्याची मराठी म्हंजे पेटीत घडी घालून ठेवलेलं जुनं लुगडं, घडीवर फाटलेलं, मधेमधे तमिळचं ठिगळ. नको म्हणायचं तर “नक्को”. सगळे म्हणायचं तर “अस्के”. आन् कुठलंही कारण सांगायच्या आधी “कां म्हटलं तर”. माझा नवरा मद्रासजवळच्या आवडी गावात फौजेच्या कारखान्यात व्हता म्हणून मी हिकडं आले. तो गेला, क्वार्टर गेलं, गावाकडनं कुणी ये म्हणालं न्हाई. मंग धरणाखालच्या वस्तीत खोली घेतली आन् बांधावर रोजानं लागले. माझं येवढंच. आता त्याचं सांगते.

त्या दिवशी त्यानं मला रोपाशेजारी बसवलं आन् सांगितलं, “झाड कापलंस तर मूळ आत राहतं. मूळ कुजतं. कुजल्या मुळाची नळी होती. पाणी ती नळी धुंडून काढतं. कां म्हटलं तर पाण्याला दुसरं काम नाही.”

मंग स्वतः पहार घेऊन बसला आन् रोप मुळासकट उपटलं. खड्ड्यात माती भरली, पायानं धुमसली. मेस्त्री लांबून हसत व्हता. साहेबानं माती तुडवायची असते का?

धरण लई जुनं. मातीचा लांबलचक बांध कुण्या राजाच्या काळातला, आन् मधला दगडी सांडवा गोऱ्यांनी बांधलेला. सांडव्याच्या दोन्ही अंगांना उंच दगडी भिंती, बांधाची माती धरून ठेवणाऱ्या. त्या भिंतींना हाताची मूठ जाईल अशी भोकं हायेत, ओळीनं. बांधात मुरलेलं पाणी त्या भोकांतनं थेंबथेंब बाहेर येतं. ही पाझराची भोकं. राव साराचा जीव त्या भोकांत व्हता. भिंतीच्या खाली लगेच आमची वस्ती, म्हणून आमचाबी जीव तितंच व्हता, पण ते आम्हाला तवा ठाऊक नव्हतं.

रोज सकाळी तो बांधाच्या पायथ्यानं अनवाणी चालायचा. चपला का घालत न्हाई विचारलं तर म्हणायचा, “चप्पल ओल लपवती.” हातात स्टीलचा टंबलर. भोकाखाली धरायचा, भरायचा, उन्हात तळ दिसतो का बघायचा. स्वच्छ पाणी आलं तर ओतून पुढं जायचा; गढूळ आलं म्हंजे आतनं बांधाची माती वाहतीय. एकदा मोठे साहेब गाडीतनं आले. ते राव साराचे कॉलेजातले सोबती, पण हा राहिला धरणावर आन् ते गेले मद्रासात, गिंडीच्या मोठ्या ऑफिसात. खुर्चीत बसल्यावर त्यांनी कॉफी हाय का विचारलं. राव सारानं टंबलर पुढं केला. मोठ्या साहेबांनी तोंडाला लावला आन् थू केलं. हा म्हणाला, “पाझराचं आहे. स्वच्छ आहे. तुझ्या घरच्या नळाला असलं येत नाही.” आम्ही बाया पदर तोंडात धरून हसलो. मोठे साहेबबी हसले. वाईट माणूस नव्हता तो, हे ध्यानात ठेवा. वाईट असता तर मला येवढा राग आला नसता.

राव सार गोड माणूस व्हता असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझ्या जोडीची सेल्वी, तिनं एकदा बांधावर शेळी बांधली म्हणून तो तिला असं बोलला की ती दिवसभर जेवली न्हाई. कुणाला शाबास म्हणाला न्हाई कधी. त्याची पोरगी सिरुसेरीला कंप्युटरच्या मोठ्या कंपनीत, तिला नोकरी लागली ते सांगताना म्हणाला, “चांगलं झालं. आता तिला खोटं बोलायला इंग्लिश येतं.”

आन् चुकायचाबी. एकदा वस्तीच्या मागं जमीन ओली दिसली तर धावत आला, घरं खाली करा, पोरंबाळं घेऊन रस्त्यावर जा. आम्ही शिजता भात चुलीवर टाकून पळालो. सगळी वस्ती रस्त्यावर. मंग कळलं, कुणाचा तरी नळाचा पाईप फुटला व्हता. म्हातारी माणसं त्याला लई बोलली. सेल्वीनं तर शेळीचं उट्टं काढलं. “अय्या, उद्या माझ्या घराची चूल ओली झाली तर पोलिसांना बोलवू का?” तो ऐकून घेऊन म्हणाला, “दहादा चुकीचं पळा. एकदा बरोबर पळायला येईल.” पण तेव्हापासून वस्तीत त्याच्या बोलण्याला कुणी किंमत देईना.

ठेकेदाराची गोष्ट मात्र सगळ्यांना आवडायची. दुरुस्तीला वाळू आली. राव सारानं चिमूटभर जिभेवर ठेवली. थुंकला. मंग दुसरी चिमूट घेऊन ठेकेदारापुढं गेला. ठेकेदार पांढऱ्या कपड्यातला, कपाळाला विभूती. राव सार म्हणाला, “तोंड उघड. प्रसाद आहे.” ठेकेदाराला वाटलं मस्करी. उघडलं. समुद्राची वाळू व्हती, मिठानं भरलेली. लॉरी तशीच परत गेली. त्या ठेकेदारानं ते मनात ठेवलं.

मंग दुष्काळाची वर्षं आली. सगळं मद्रास तहानेनं वाळलं. लॉरीमागं बाया घागरी घेऊन पळायच्या, रंगीत प्लास्टिकच्या घागरी, केस ओढायच्या एकमेकींचे. आमचं धरण तळापर्यंत आटलं, चिखलाला भेगा पडल्या, पोरं आत क्रिकेट खेळायला लागली. सगळे रडत असताना हा एकटा माणूस खुशीत. भिंतीचा पाया उघडा पडला व्हता. आयुष्यात दिसत न्हाई तो दिसला. दगडांमधला चुना धुऊन गेला व्हता, आत बोट जात व्हतं. राव सार रोज गिंडीला जायचा, आता दुरुस्त करू द्या, आता भिंत कोरडी हाय, पुन्हा अशी वेळ यायची न्हाई. त्यांनी सांगितलं, धरणात पाणीच न्हाई तर दुरुस्ती कशाला? लोक बोअर मागतायत, बोअर मारू.

परत आला तो बांधावर दही-भाताचा डबा उघडून बसला आन् जेवला न्हाई. मला म्हणाला, “गोदक्का, तहान लागली की विहीर खणतात. पूर आला की होडी आणतात. मधल्या दिवसात अस्के झोपतात. मी मधल्या दिवसातला इंजिनियर.”

आम्ही बायांनी जेवढं हाताला आलं तेवढं भरलं. त्यानं कुठनं चुना आणला, गूळ-हिरड्याचं पाणी घालून मळायला लावला. हात उलले आमचे. पण ते बोटभर काम. हत्तीला चिंधी बांधल्यासारखं.

मंग ती सुनामीची लाट आली, समुद्रकाठची माणसं गेली, आन् त्याच्या पुढल्या वर्षी धरण भरायला लागलं. लोकांनी पाण्याची ओटी भरली. एवढी तहान काढल्यावर पाणी बघून माणसं रडायला लागली. एक मोठा पुढारी पूजेला येणार असं ठरलं. टीव्हीवाले येणार. तवा राव साराला गिंडीला कसल्या तरी ट्रेनिंगला बोलावून घेतलं.

तो तिकडं असताना तो ठेकेदार आला. शिड्या लावल्या. दगडी भिंती पाझरानं ओल्या व्हत्या, शेवाळ धरलं व्हतं, काळे ओघळ आले व्हते. टीव्हीत ते गळकं दिसेल, लोक म्हणतील धरण गळतंय. म्हणून त्यांनी शेवाळ खरवडलं, भोकांत सिमेंट ठोकलं, वरनं गुळगुळीत गिलावा केला आन् पांढरा रंग मारला. वर मोठं कमळ काढलं. खरं सांगते, सुंदर दिसत व्हतं. वस्तीतल्या बाया आपापल्या लेकरांना घेऊन बघायला गेल्या. एक थेंब पाणी न्हाई. सगळे म्हणाले, बघा, राव साराला जमलं न्हाई ते यानं एका झटक्यात केलं, गळती बंद केली.

मला ते कोरडं बघून कसंतरी झालं. पण मी काय बोलणार. मी टोपली उचलणारी बाई.

राव सार परत आला तो सोहळ्याच्या आदल्या दिवशी. भिंतीपुढं उभा राहिला. मला वाटलं आता ओरडेल. तो हळू आवाजात बोलला. मोठे साहेब तितंच व्हते, मांडव बघायला आलेले. त्यांना म्हणाला, “म्हातारा मुतायचा थांबला तर त्याला रंग लावतात का? डॉक्टर आणतात. भिंतीनं मुतलं पाहिजे रे. आत पाणी तुंबलं की भिंत ढकलून देतं. हे तू मला शिकवलंस. परीक्षेच्या आदल्या दिवशी तू शिकवलंस.”

मोठे साहेब इकडंतिकडं बघून म्हणाले, “वेंकोबा, तुझं बरोबर आहे. सोहळा होऊन जाऊ दे.”

सोहळा झाला. फुलं सोडली पाण्यात. मंग राव सार रोज गिंडीला जायचा, भोकं उघडू द्या म्हणून. आता म्हणाले, ठेकेदाराचं काम नवीन हाय, लगेच फोडलं तर वर काय सांगायचं? मंग म्हणाले, वरनं हुकूम आला पाहिजे. वरचे म्हणाले, खालनं कागद आला पाहिजे. पाऊस रोज लागला व्हता. धरण चढत व्हतं. सांडव्याची शटरं उघडू म्हणाला तर उघडू देईनात, कां म्हटलं तर, आता मीच त्याच्यासारखी बोलायला लागले, एवढ्या दुष्काळानंतर पाणी सोडलं तर लोक दगड मारतील.

हितं माझं डोकं सणकतं. ते अडाणी नव्हते. अडाणी माणसाला शिकवता येतं. या सगळ्यांना ठाऊक व्हतं आन् सगळे एकमेकांच्या सहीची वाट बघत व्हते, आन् भिंतीखाली आम्ही भात शिजवत व्हतो.

एक दिवस दुपारी पाऊस जरा थांबला. राव सार शिडी आन् पहार घेऊन भिंतीपाशी आला. मेस्त्रीनं गँगला सांगितलं, कुणी हात लावायचा न्हाई, नोकरी जाईल. राव सारानं कुणाला बोलावलंबी न्हाई. एकटा शिडी लावायला लागला, शिडी चिखलात सरकायला लागली. मी जाऊन धरली. मागनं सेल्वी आली. म्हणाली, “अक्का, हा माणूस पडून मेला तर आपल्याच दारात मरेल.”

तो वर चढला आन् कमळाच्या पोटात पहार घातली.

पहिला गिलावा पडला, मंग सिमेंटचा गोळा सुटला, आन् आतनं पाणी असं आलं की तो शिडीवरनं फेकला गेला. पाझर न्हवता तो, पिचकारी. लाल, गढूळ. माझं तोंड, लुगडं सगळं भरलं. तो चिखलात पडलेला, कोपर फुटलेलं, आन् तो पाण्याकडं बघत व्हता. त्याचं तोंड मी पहिल्यांदाच असं बघितलं. भ्याला व्हता. मला म्हणाला, “वस्ती हलव.”

मी गेले. कुणी हलेना. पाईप फुटला असेल म्हणाले. मी लाल पाण्यानं माखलेली त्यांच्यापुढं उभी, आन् ते हसत व्हते. मंग मी शिव्या दिल्या. मराठीत, तमिळमध्ये, येतील त्या. एका म्हातारीच्या नातवाला काखेत मारलं आन् चालायला लागले, म्हातारी बोंबलत मागं आली, तिच्यामागं बाकीचे. अशी वस्ती हलली, माझ्यामागं मला मारायला धावत.

हिकडं सेल्वीनं शिडी धरली आन् त्यानं दुसरं, तिसरं, सगळी भोकं फोडली. दोन्ही भिंतींची. मेस्त्री फोन करत व्हता. दिवस कलेपर्यंत पाणी लालच येत व्हतं. राव सार टंबलर भरायचा, बघायचा, ओतायचा. मी परत आले तवा तो एका दगडावर बसला व्हता, कोपराला सेल्वीचा पदर बांधलेला. पाणी हळूहळू पातळ झालं, मंग पिवळं, मंग एकदा त्यानं टंबलरात बोट घातलं तर तळाला टेकलेलं बोट दिसलं.

त्या वेळेला जीप आली. मोठे साहेब उतरले. भिंतीवर चिखलाचे ओघळ, कमळाच्या चिंध्या. त्यांनी तिथंच त्याला कामावरनं काढल्याचं सांगितलं. राव सारानं टंबलर त्यांच्या हातात दिला आन् म्हणाला, “आता हे तू बघ रोज.” येवढंच.

मंग तो मोठा पाऊस झाला. सगळं मद्रास बुडालं, रस्त्यावर होड्या आल्या. शटरं सगळी उघडावी लागली. आमची भिंत उभी राहिली. भोकं रात्रंदिवस वाहत व्हती.

आन् पाऊस ओसरल्यावर बांधावर मांडव घातला आन् मोठ्या साहेबांना शाल दिली. जुनं धरण राखलं म्हणून. ठेकेदारालाबी दिली, गळती वेळेवर बंद केली म्हणून. राव सारावर चौकशी बसवली, सरकारी भिंतीची नासधूस केली म्हणून. भिंत पडली असती तर तो खरा ठरला असता. भिंत राहिली, म्हणून तो येडा ठरला. लोक म्हणाले, बघा, काही झालं का? उगं तोडफोड केली. वस्तीतलेच म्हणाले. ज्यांचं पोर मी काखेत मारून नेलं ते म्हणाले.

चौकशीला मला गिंडीच्या ऑफिसात बोलावलं. राव सार बाहेर बाकावर बसला व्हता, दाढी वाढलेली, बुटात पाय. बूट घातलेला मी त्याला पहिल्यांदाच बघितला. मला म्हणाला, “खोटं बोलू नक्को. विचारतील ते सांग.” आत विचारलं, भिंत यांनी फोडली का? मी म्हणाले, फोडली, शिडी मीच धरली, कारण की... ते म्हणाले, बस झालं, अंगठा लावा. मी म्हणाले, कारण तर ऐका. ते म्हणाले, आम्ही कारण विचारलेलं न्हाई.

मी अंगठा लावला न्हाई. त्यांनी माझ्यावाचूनच लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर राव सारानं एकच विचारलं, नवीन इंजिनियर भोकं साफ करतो का? मी सांगितलं, तो खाली उतरत न्हाई. भोकांत गवत वाढलंय, एकात चिमणीनं घरटं केलंय. हे ऐकल्यावर तो माझ्याबरोबर धरणाच्या बसमध्ये चढला. घर त्याचं दुसऱ्या बाजूला.

धरणाला आता लोखंडी गेट बसलं व्हतं. वॉचमन त्याला रोज सलाम करणारा माणूस. तो म्हणाला, “अम्मा, तुम्ही जा आत. सार, तुम्हाला न्हाई.” सांगताना त्यानं मान फिरवली. आत बागेचं काम चाललं व्हतं, बोटी येणार, तिकीट लावणार. नवीन साहेब ऑफिसच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला व्हता.

राव सारानं गेटच्या गजांना धरलं आन् तिथनं ओरडायला लागला. तमिळमध्ये. डाव्या भिंतीची खालची ओळ आधी मोकळी कर. सळई घाल, काडी नको. घरटं काढ. पायथ्याला अनवाणी चाल. नवीन साहेबानं आधी बघितलं, मंग खुर्ची फिरवून पाठ केली.

मी तिथंच उभी राहिले. मला म्हणाला, “गोदक्का, तू काय बघतीस? जा. हजेरी लागंल. सळई घे.”

मी गेले. ऑफिसच्या मागनं सळई घेतली, सेल्वीला हाक मारली, आन् भिंतीपाशी जाऊन पहिलं भोक उकरायला लागले. मेस्त्री आला, मी त्याच्याकडं बघितलं, तो गेला. गेटापासनं अजून आवाज येत व्हता, सळई तिरकी धर, तिरकी.

तेवढ्यात बागेच्या फरशा घेऊन लॉरी आली. गेट उघडलं. लॉरीसाठी उघडलं. वॉचमननं राव साराचा दंड धरून त्याला बाजूला केलं आन् लॉरी आत आली, तिच्या आवाजात दुसरं काही ऐकू येईना. धूळ बसल्यावर मी बघितलं. गेट परत लागलेलं. तो गजांच्या पलीकडं उभा, तोंड हलत व्हतं, हात वर करून तिरका धरून दाखवत व्हता, आन् एक शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हता.